एका ग्रीक क्रियापदाची कुळकथा

संस्कृत शिकणारा विद्यार्थी पहिल्या-दुसर्‍या वर्षींच दिवादि गणांतील ‘मन्’ धातूचीं रूपें पाठ करतो. मन्यते, मन्येते, मन्यन्ते. अर्थ साधा आहे. मानतो, समजतो, विचार करतो. धातुपाठांत तर त्याचा अर्थ ‘ज्ञान’ असाच दिलेला आहे. हा विद्यार्थी पुढें ग्रीक भाषेकडे वळला तर तेथें त्याची गांठ ‘माइनोमाइ’ या क्रियापदाशीं पडते. त्याचें तृतीय पुरुषाचें एकवचन ‘माइनेताइ’. कोश उघडून अर्थ पाहावा तों तो निघतो: वेडा होतो, पिसाळतो, क्रोधानें बेभान होतो. आणि मग व्याकरणाचें पुस्तक त्याला अगदीं शांतपणें सांगतें कीं, ‘मन्यते’ आणि ‘माइनेताइ’ हीं दोन रूपें मुळांत एकच होत. एकाच आईच्या दोन मुलांपैकीं एकानें न्यायासनावर बसावें आणि दुसर्‍यानें अंगावरचीं वस्त्रें फाडीत रानोमाळ हिंडावें, तसा हा प्रकार आहे.

रूपांच्या बाबतींत शंकेला जागा नाहीं. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच उगमांतून निघाल्या असल्या पाहिजेत असें सांगितलें, आणि १८१६ सालीं फ्रान्झ बॉप या जर्मन पंडितानें त्यांचीं क्रियापदें शेजारीं शेजारीं मांडून तें नाते पद्धतशीर रीतीनें दाखविलें. पुढील शंभर वर्षांत जे ध्वनिनियम ठरले ते येथें बिनतक्रार लागू पडतात. मूळ भाषेंत या धातूला ‘य’ हा विकरण लागत असे. संस्कृतानें तो ‘य’ जागच्या जागीं ठेविला. ग्रीकांच्या जिभेवर तो नकारावरून उडी मारून अलीकडे आला आणि त्याचा ‘इ’ झाला. ‘मन्य’चें ‘माइन’ झालें तें असें. शेवटचे ‘ते’ आणि ‘ताइ’ हेही सख्खे भाऊच. कारण संस्कृतांतील ‘ए’ हा एका जुन्या जोडस्वराचा आकसलेला अवशेष आहे. फार काय, संस्कृतांत हा धातु आत्मनेपदी आहे, आणि ग्रीकांतही तो आत्मनेपदाशीं जुळणार्‍या प्रयोगांतच सामान्यतः चालतो. ‘वेड लावतो’ अशा अर्थाचें परस्मैपदी रूप तेथें क्वचितच दृष्टीस पडतें. ग्रीकांच्या समजुतीप्रमाणें वेड ही माणसानें करावयाची क्रिया नव्हे; ती त्याच्या ठायीं घडते.

मग अर्थ एवढा कसा फिरला? विचार करणारा माणूस ग्रीकांना वेडाच वाटत असावा, असें थट्टेनें म्हणतां येईल. परंतु ज्यांनीं इ. स. पू. ३९९ मध्यें सॉक्रेटिसाला विषाचा पेला दिला त्यांच्याविषयीं ही थट्टा अंमळ जास्तच झोंबणारी होईल, आणि खरें उत्तर त्यांत नाहीं. प्रश्न चुकीच्या बाजूनें विचारला जातो हें त्याचें कारण. ‘विचार’ हा मूळ अर्थ होता आणि ग्रीकांनीं तो बिघडविला, असें आपण गृहीत धरतों. पण त्या मूळ धातूंत थंड डोक्यानें केलेला विचारही नव्हता आणि वेडही नव्हतें. मनाची हालचाल, अंतःकरण जागें होऊन कोणत्या तरी दिशेला धांव घेऊं लागणें, एवढाच तो अर्थ होता. ती धांव कोठवर जाईल हें धातूनें सांगितलें नव्हतें.

याचा पुरावा आपल्याच घरांत आहे. संस्कृत क्रियापद शांत राहिलें, पण त्याच धातूपासून झालेला ‘मन्यु’ हा शब्द मात्र शांत राहिला नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील ८३ व ८४ हीं दोन सूक्तें या मन्यूला उद्देशून आहेत. तो युद्धांतील आवेश आहे, शत्रूंवर तुटून पडणारा क्रोध आहे, आणि सूक्तकार त्याला देव समजून साहाय्यास बोलावतो. ज्या घरांत रुद्राचीं आवर्तनें होतात त्या घरांतील मुलांनाही ठाऊक असतें कीं, रुद्राध्यायाचा आरंभच रुद्राच्या मन्यूला नमस्कार करून होतो. अभिमन्यूच्या नांवांतही तोच मन्यु आहे. शेजारच्या इराणांत याच शब्दाला ‘मइन्यु’ असें रूप आलें आणि त्याचा अर्थ ‘आत्मशक्ति’ असा झाला. पारशी धर्मग्रंथांतील स्पेंत मइन्यु ही कल्याण करणारी शक्ति आणि अंग्र मइन्यु ही घात करणारी. म्हणजे एकाच शब्दाला सज्जन आणि दुर्जन अशीं दोन्ही विशेषणें लागूं शकत होतीं. शब्द स्वतः कोणत्याच पक्षाचा नव्हता.

ग्रीकांकडे ‘मन्यु’ नाहीं, पण आपलें ‘मनस्’ आहे. ‘मेनोस्’ हें त्याचें ग्रीक रूप, अक्षराला अक्षर जुळणारें. आपण मन म्हटलें कीं विचाराचें आणि भावनेचें स्थान समजतों. होमरच्या काव्यांत मेनोस् म्हणजे अंगांत संचारणारें बळ, त्वेष, उसळी. तें देव वीराच्या छातींत फुंकतात. इलियडच्या पहिल्याच सर्गांत अकिलीज राजावर तलवार उपसूं लागतो, तेव्हां अथीना देवी त्याचे केंस मागून धरते आणि आपण त्याचें मेनोस् आवरण्यासाठीं आलों आहों असें सांगते. त्याच धातूपासून ग्रीकांत स्मरणवाचक शब्दही झाले, आणि लॅटिन भाषेंत तर ‘मेमिनी’ म्हणजे ‘मला आठवतें’. ग्रीकांतील त्याचा तंतोतंत जोडीदार ‘मेमोना’, त्याचा अर्थ ‘मी आतुर झालों आहें’! इंग्रजींतील ‘माइंड’ आणि आपली ‘मति’ हीं याच कुळांतलीं. इतकीं भावंडें एकत्र बसवून पाहिलीं म्हणजे ‘माइनोमाइ’चें वागणें तितकेंसें विचित्र वाटत नाहीं. कुटुंबांतला तापट स्वभाव त्याच्या वांट्याला जास्त आला, इतकेंच.

येथें दोन शब्दांकडे जातां जातां लक्ष द्यावेसें वाटतें. ग्रीक ‘दुस्मेनेस्’ म्हणजे वाईट मनाचा, वैरी. संस्कृतांत तोच ‘दुर्मनस्’, आणि इराणी भाषांतून तोच ‘दुश्मन’ होऊन फारशीच्या वाटेनें मराठींत आला. दुष्मनाला शिव्या घालणारा मराठी माणूस होमरच्या वीरांचाच शब्द वापरीत असतो. उलट ‘एउमेनेस्’ म्हणजे सुमनस्, अनुकूल मनाचा. ईस्किलसच्या इ. स. पू. ४५८ मधील नाट्यत्रयींत मातृवध केलेल्या ओरेस्टीजला वेड लावीत गांवोगांव पिटाळणार्‍या ज्या भयंकर देवता आहेत, त्या शेवटीं अथेन्सच्या रक्षक होतात. त्या नाटकाचें नांव ‘एउमेनिडीस’, म्हणजे ‘सुमना’. आपल्याकडे देवीच्या रोगाला आणि सापाला नांव घेऊन न बोलावण्याची जी रीत होती, तिच्यासारखीच ही भीतीपोटीं आलेली गोडी आहे.

आतां मुख्य क्रियापदाकडे. इलियडमध्यें तें बहुतेक ठिकाणीं युद्धाच्या धुमश्चक्रींत येतें. युद्धदेव अ‍ॅरीझ हा ‘माइनोमेनोस्’, म्हणजे सदाचाच पिसाळलेला. अथीना तर त्याला तोंडावर तसें म्हणण्यास कचरत नाहीं. डायोमिडीज असा कांहीं लढतो कीं, एखाद्या देवाच्या साह्यावांचून हा असा बेभान होणार नाहीं, असें शत्रुपक्षाचा धनुर्धर म्हणतो. फार काय, भालासुद्धां वीराच्या हातांत ‘माइनेताइ’. परंतु हें क्रियापद सर्वांत अधिक चिकटलें आहे तें ट्रॉयच्या हेक्टरला. पंधराव्या सर्गांत तो अ‍ॅरीझसारखा, किंवा डोंगरावरच्या दाट झाडींत भडकलेल्या वणव्यासारखा, बेभान झाला आहे. त्याच्या तोंडाला फेस आला आहे आणि भुंवयांखालीं डोळे जळत आहेत.

हाच हेक्टर सहाव्या सर्गांत रणांगणावरून घरीं येतो. बायको घरांत नाहीं. कोठें गेली म्हणून विचारतां घरची कारभारीण सांगते कीं, आपल्या लोकांची पीछेहाट झाल्याचें ऐकून बाईसाहेब तटाकडे धांवत गेल्या, ‘माइनोमेने’ स्त्रीसारख्या. दाई मूल घेऊन बरोबर गेली आहे. आणि बाविसाव्या सर्गांत, तटावरून आक्रोश ऐकूं येतो तेव्हां अँड्रोमाकी हातांतला धोटा टाकून घरांतून बाहेर पडते ती ‘माइनास’ म्हणजे उन्मत्त स्त्री जशी. तटावर जाऊन पाहते तों हेक्टरचें प्रेत रथाला बांधून फरफटत नेलें जात आहे. पतीच्या पराक्रमाला जें क्रियापद लावलें तेंच पत्नीच्या काळजाच्या धडधडीला लावण्यांत होमरनें कसलाही भेद मानला नाहीं. नंतरच्या टीकाकारांना हें रूपक वाटलें. तें रूपक नव्हे. मूळ धातूचा विस्तृत अर्थ कवीला अजून जिवंत होता असें समजणेंच अधिक सरळ आहे.

ओडिसीमध्यें देखावा बदलतो. तेथें युद्ध संपलेलें आहे, म्हणून हें क्रियापद मेजवानीच्या दालनांत येऊन बसतें. पेनेलपीचे उद्धट मागणेकरी दारूच्या अंमलांत दंगा करूं लागतात तेव्हां तरुण टेलेमाकस त्यांना ‘तुम्ही वेडे झालां आहां’ असें सुनावतो, तें याच शब्दानें.

इलियडमध्यें वेडाला दुसराही एक शब्द आहे, ‘लिस्सा’. हेक्टरच्या अंगांत ही लिस्सा शिरली आहे असें ओडिसिअस अकिलीजला सांगतो, आणि एक धनुर्धर हेक्टरला पिसाळलेला कुत्रा म्हणतो तोही याच शब्दाच्या आधारें. ‘लिकोस्’ म्हणजे लांडगा, आपला वृक; त्याच्यापासून लिस्सा, म्हणजे लांडगेपण, अशी व्युत्पत्ति बहुतेक भाषाशास्त्रज्ञ देतात. माइनोमाइ मनांतून निघालें तर लिस्सा रानांतून आली. पुढें नाटककारांनीं तिला देवता केलें. बोस्टनच्या संग्रहालयांत इ. स. पू. पांचव्या शतकांतलें एक ग्रीक भांडें आहे. त्यावर शिकारी अ‍ॅक्टिऑनवर त्याचेच कुत्रे सोडणारी लिस्सा उभी आहे, आणि तिच्या मस्तकावर कुत्र्याचें लहानसें डोकें उगवलें आहे. युरिपिडीजच्या ‘हेराक्लीज’ नाटकांत हेरा देवीच्या हुकुमावरून ती हेराक्लीजच्या घरांत शिरते व त्याच्या हातून त्याच्याच बायकोमुलांचा वध करविते; पण चमत्कार असा कीं, या कामाला ती स्वतःच नाखूष असते आणि आपण हें इच्छेविरुद्ध करीत आहों याला सूर्याला साक्षी ठेवते. अ‍ॅरिस्टॉटलनें श्वानरोगाला हेंच नांव दिलें. मात्र पिसाळलेला कुत्रा चावल्यास इतर सर्व प्राणी पिसाळतात, माणूस नाहीं, असें त्यानें लिहून ठेविलें, तें साफ चूक होतें. १८८५ सालीं पाश्चरनें त्या रोगावर लस टोंचली, आणि आज त्या विषाणूच्या जातीला शास्त्रज्ञांनीं जें नांव दिलें आहे त्यांत जुनी लिस्सा तशीच बसलेली आहे.

कवींच्या हातून हें क्रियापद इतिहासकाराच्या हातीं आलें तेव्हां त्याचा कस लागला. कारण कवीला वर्णन पुरतें. इतिहासकाराला कारण सांगावें लागतें. हिरॉडोटसच्या ग्रंथांत इराणचा बादशहा कँबायसीस याची हकीकत आहे. इ. स. पू. ५२५ मध्यें त्यानें इजिप्त जिंकलें, आणि तेथें लोक देव मानीत त्या एपिस नांवाच्या वासराच्या मांडींत खंजीर खुपसला. त्या पापानें तो वेडा झाला, असें इजिप्तचे लोक म्हणत. त्याच्या वेडाचे जे दाखले हिरॉडोटस देतो त्यांतला एक अंगावर कांटा आणणारा आहे. प्रेक्सास्पीज नांवाच्या विश्वासू सरदाराला त्यानें विचारलें कीं, लोक माझ्याविषयीं काय म्हणतात? सरदार भाबडेपणानें म्हणाला, ‘बाकी सर्व स्तुतीच करतात, फक्त आपण मद्य जरा जास्त घेतां असें म्हणतात.’ तेव्हां बादशहानें समोर उभ्या असलेल्या त्याच्या मुलाकडे बोट दाखविलें. ‘माझा बाण त्याच्या काळजांत घुसला तर लोक मूर्ख, चुकला तर मी वेडा.’ बाण काळजांतच घुसला.

आजचे संशोधक या हकीकतीकडे सावधपणें पाहतात. कँबायसीसच्याच कारकीर्दींत, इ. स. पू. ५२४ मध्यें, एका एपिस बैलाचें राजाच्या नांवानें मानानें दफन झाल्याचे कोरीव लेख इजिप्तमध्यें सांपडले आहेत. तेव्हां पराभूत पुरोहितांनीं बादशहाला वेडा ठरविलें असण्याचा संभव पुष्कळ. परंतु येथें महत्त्व आहे तें हिरॉडोटसच्या विचारपद्धतीला. तो म्हणतो, कदाचित् हें एपिसमुळें झालें असेल. कदाचित् दुसर्‍या कशानें. या माणसाला जन्मापासून एक मोठा रोग होता, त्याला कित्येक ‘पवित्र रोग’ म्हणतात, आणि शरीर आजारी असतां मनही निरोगी राहिलें नाहीं तर त्यांत नवल नाहीं. पवित्र रोग म्हणजे आपण फेंफरें म्हणतों तें. पुढें तो अधिक खोल जातो. कँबायसीस अतिशय वेडा होता याची खूण कोणती? तर त्यानें दुसर्‍यांच्या देवांची आणि रूढींची टवाळी केली ही. आणि याच्या समर्थनार्थ तो दरायस बादशहाची गोष्ट सांगतो. दरायसनें दरबारांतील ग्रीकांना विचारलें कीं, किती पैसे दिले तर तुम्ही मेलेल्या बापाचें मांस खाल? ते म्हणाले, कशानेंही नाहीं. मग ज्यांच्यांत बापाचें प्रेत खाण्याची चाल आहे असें तो सांगतो त्या कॅलाटियाइ नांवाच्या हिंदी लोकांना बोलावून विचारलें कीं, काय घेऊन तुम्ही बापाला जाळाल? ते मोठ्यानें ओरडले आणि असें अभद्र बोलूं नये म्हणून विनवूं लागले. कोणाचें वेड आणि कोणाचें शहाणपण हें ज्याच्या त्याच्या आचारावर ठरतें, हें इतक्या उघडपणें त्यापूर्वीं फारसें कोणी लिहिलें नव्हतें.

आणि तरीही हें माप हिरॉडोटसला स्वतःच्या समाजावर उलटलेलें पाहावें लागलें. सिथियन लोकांचा राजा स्किलीज याची आई ग्रीक होती. तिनें त्याला ग्रीक भाषा व अक्षरें शिकविलीं. राजा झाल्यावरही त्याचें मन तंबूंत रमेना. काळ्या समुद्राजवळच्या एका ग्रीक शहरांत तो सैन्य बाहेर ठेवून एकटा जाई, वेशींचे दरवाजे लावून घेई, ग्रीक पोषाख करून बाजारांत हिंडे. तेथें त्यानें मोठा वाडाही बांधला होता. शेवटीं डायोनिसस देवाची दीक्षा घेण्याची त्याला इच्छा झाली. दीक्षेच्या वेळीं वाड्यावर वीज पडून तो जळाला. तरी त्यानें विधि पुरा केला. आतां सिथियन लोक डायोनिससच्या भक्तीवरून ग्रीकांना नेहमीं हिणवीत. माणसांना ‘माइनेस्थाइ’, म्हणजे वेडे व्हावयास लावणारा देव शोधून काढणें शहाणपणाचें नाहीं, असें त्यांचें म्हणणें. गांवांतील एका ग्रीकानें त्यांच्या सरदारांना चिडवून सांगितलें, ‘आम्हांला हसतां काय? तुमच्या राजालाच त्या देवानें धरलें आहे. चला, दाखवितों.’ त्यानें त्यांना गुपचूप एका बुरुजावर नेऊन बसविलें. खालून भक्तांची मिरवणूक गेली. तींत राजा नाचत होता. सरदारांनीं बाहेर येऊन सैन्याला सांगितलें. स्किलीज पळून थ्रेसमध्यें गेला. पण भावानें त्याला मागून घेतलें आणि तेथल्या तेथें त्याचें शिर उडविलें. ग्रीकांच्या शहरांत जी भक्ति होती तीच वेशीबाहेर प्राण घेणारें वेड ठरली. हिरॉडोटस या ठिकाणीं कोणाचीच बाजू घेत नाहीं, आणि त्याच्या ग्रंथांतल्या कित्येक मोठ्या लढायांपेक्षां हा लहानसा प्रसंग अधिक मोलाचा आहे.

त्याच शतकाच्या अखेरीस हिपॉक्रेटीसच्या नांवावर मोडणारा एक वैद्यकीय निबंध लिहिला गेला. ‘पवित्र रोग’ इतर रोगांहून अधिक पवित्र नाहीं, हें त्याचें प्रतिपादन. लेखक कोणीही असो, तो मोठ्या धैर्याचा वैद्य असला पाहिजे. आनंद, हास्य, दुःख, अश्रु हीं सर्व मेंदूपासूनच येतात. ज्यानें आपण विचार करतों, पाहतों, ऐकतों, बरें-वाईट निवडतों त्याच इंद्रियानें आपण वेडेही होतों, असें तो सांगतो. कफानें वेडे झालेले शांत असतात, पित्तानें वेडे झालेले ओरडतात आणि नासधूस करतात, अशी विभागणीही त्यानें केली आहे. ती आज टिकणारी नाहीं. पण विचार आणि वेड यांचें घर एकच, हें त्याचें वाक्य वाचतांना ‘मन्यते’ आणि ‘माइनेताइ’ यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. त्या वैद्याला संस्कृत ठाऊक नव्हतें. भाषेनें जें हजारों वर्षांपूर्वीं एका धातूंत ठेवून दिलें होतें तें त्यानें रोग्याच्या उशाशीं बसून काढलें.

वैद्यानें देवाला बाहेर घालविलें तरी रंगभूमीवरून तो हालला नाहीं. युरिपिडीज इ. स. पू. ४०६ मध्यें वारला, आणि ‘बाखी’ हें त्याचें नाटक त्याच्या मृत्यूनंतर अथेन्समध्यें रंगभूमीवर आलें. त्यांत हें क्रियापद दोन्ही पक्ष एकमेकांच्या तोंडावर फेंकतात. थीब्जचा तरुण राजा पेंथिअस याला डायोनिससच्या नादानें डोंगरावर गेलेल्या बायका वेड्या वाटतात. वृद्ध भविष्यवादी टायरेसिअस उलट त्यालाच ‘तूं आतां पुरता वेडा झालास’ असें बजावतो आणि या देवाच्या उन्मादांत भविष्य जाणण्याची मोठी शक्ति असते असेंही सांगतो. राजा शेवटीं बायकी वेष घालून त्या स्त्रियांना चोरून पाहण्यास जातो, आणि तेथें त्याची आई अगावी हीच त्याला सिंह समजून फाडून टाकते. त्यानें डोक्यावरचें बंधन काढून तिच्या गालाला हात लावला, ‘मी तुझा मुलगा’ म्हणून सांगितलें. तिच्या तोंडाला फेस होता आणि डोळे फिरलेले होते. तिला तें ऐकूंच गेलें नाहीं.

याच्यापुढचा प्रवेश मात्र सार्‍या ग्रीक नाट्यवाङ्मयांत एकटा आहे. अगावी मुलाचें शिर घेऊन, शिकारीची बढाई मारीत, नगरांत येते. तिचा म्हातारा बाप कॅडमस तिला रागें भरत नाहीं, हलवीतही नाहीं. तो तिला फक्त आकाशाकडे पाहावयास सांगतो. तें पूर्वीसारखेंच दिसतें कीं बदललें आहे? ती म्हणते, पूर्वीपेक्षां उजळ दिसतें. मग तो विचारतो, तूं कोणाच्या घरीं दिली गेलीस? मुलाचें नांव काय? आणि हातांत कोणाचें शिर आहे? सिंहाचें, असें शिकारी बायका म्हणत होत्या, ती उत्तर देते. नीट पाहा, तो म्हणतो. पाहण्याला फार वेळ लागत नाहीं. वेडांतून शुद्धीवर आणण्याची ही रीत एखाद्या मुरलेल्या वैद्याची आहे. दुःख इतकेंच कीं येथें बरें होणें हेंच रोगापेक्षां भयंकर आहे, आणि म्हातार्‍याला तें अगोदरच ठाऊक आहे.

तत्त्वज्ञांनीं या शब्दाची वाटणी केली. झेनोफननें सॉक्रेटिसाचें एक मार्मिक निरीक्षण नोंदलें आहे: सामान्य लोकांना जें ठाऊक नसतें त्यांत चुकणार्‍याला ते वेडा म्हणत नाहींत, पण आपण इतके उंच आहों कीं वेशींतून जातांना वाकावें लागतें असें एखाद्याला वाटूं लागलें, किंवा तो घरें उचलावयास निघाला, म्हणजे मात्र त्याला वेडा म्हणतात. प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादांतील सॉक्रेटिस अधिक उंच जातो. इलिसस नदीच्या कांठीं झाडाच्या सावलींत बसून तो सांगतो कीं, देवांनीं दिलेलें वेड माणसाच्या शहाणपणापेक्षां श्रेष्ठ, आणि तें चार प्रकारचें: भविष्य सांगणार्‍यांचें, दीक्षा घेतलेल्यांचें, कवींचें आणि प्रेमिकांचें. भविष्यविद्येचें ‘मांतिके’ हें नांव मुळांत ‘मानिके’, म्हणजे वेडाची विद्या, असें होतें. नव्या लोकांनीं अरसिकपणें मध्यें एक तकार घुसडला, अशी व्युत्पत्तिही तो देतो. तकार घुसडल्याची गोष्ट खरी नाहीं. तथापि ‘मांतिस्’ म्हणजे द्रष्टा आणि ‘मानिआ’ म्हणजे वेड हे एकाच धातूचे, असें बहुतेक आधुनिक भाषाशास्त्रज्ञही मानतात. तेव्हां प्लेटोची वाट चुकीची असली तरी तो पोहोंचला बरोबर गांवीं. आपला ‘मन्त्र’ही त्याच गांवचा.

पुढच्या शतकांत शब्द झिजत गेला. बायबलांतील प्रेषितांच्या कृत्यांत रोदा नांवाची दासी ‘पेत्र दाराशीं उभा आहे’ असें धांवत येऊन सांगते, तेव्हां घरांतलीं माणसें तिला ‘माइने’, तुला वेड लागलें, एवढें म्हणून वाटेस लावतात. आणि सुभेदार फेस्तस भर दरबारांत पौलाला ओरडून सांगतो कीं, फार विद्येनें तूं वेडा होत चालला आहेस. हेक्टरच्या तोंडचा फेस येथें कोठेंच नाहीं. घरोघर रोज ऐकूं येणारा शब्द झाला तो.

मात्र जुना अर्थ अगदींच मेला नव्हता. इ. स. १०० च्या सुमारास प्लुटार्कनें स्त्रियांच्या सद्गुणांवर एक पुस्तक लिहिलें. त्यांत चौथ्या शतकांतील एका युद्धाच्या वेळची हकीकत आहे. फोसिसच्या जुलमी सरदारांनीं डेल्फायचें देवस्थान बळकावलें होतें. त्या दिवसांत डायोनिससच्या उपासक स्त्रिया, ज्यांना थियाडीज म्हणत, उन्मादाच्या भरांत रात्रीं भटकत भटकत अम्फिसा नांवाच्या गांवीं येऊन पोहोंचल्या. प्लुटार्कनें त्यांच्यासाठीं वापरलेलें क्रियापद तेंच आहे, मागें फक्त एक उपसर्ग लागलेला. त्या थकून गेल्या होत्या, अजून भानावर आल्या नव्हत्या. भर चौकांत जागा मिळेल तशा पडल्या आणि झोंपीं गेल्या. गांवांत सरदारांचें सैन्य उतरलेलें होतें. अम्फिसाच्या बायकांना हें कळतांच त्या सगळ्या धांवत चौकांत आल्या आणि झोंपलेल्या स्त्रियांभोंवतीं मुकाट्यानें उभ्या राहिल्या. कोणी त्यांच्या जवळ गेलें नाहीं, कोणी त्यांना उठविलें नाहीं. त्या जाग्या झाल्या तेव्हां एकेकीनें एकेकीची विचारपूस केली आणि त्यांना खावयास आणून दिलें. मग आपल्या नवर्‍यांची संमति घेऊन गांवच्या बायका त्यांना सरहद्दीपर्यंत सुखरूप पोहोंचवून परत आल्या.